खबर देणाऱ्याची सही

"मी ह्याच्यावर सही करणार नाही," आई म्हणाली. तिने चष्मा काढला, डबीत ठेवला आणि डबीचं झाकण लावून टाकलं.

दादाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. वकिलाने टाइप करून दिलेलं प्रतिज्ञापत्र जेवणाच्या टेबलावर चौघांच्या मध्ये पडलं होतं. दादाची सही झालेली होती. धाकटीने कागद दोनदा वाचला होता, पण पेन अजून हातात घेतलं नव्हतं. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत दादाची बायको बसली होती. ह्या घरात सगळे तिला वहिनी म्हणत, शेजारपाजारचेसुद्धा. तिचं कंबरेचं हाड मोडल्याला पाच महिने झाले होते आणि या पाच महिन्यांत ती जिन्याच्या बावीस पायऱ्या एकदाही उतरली नव्हती.

"आई, यात चुकीचं काय आहे ते तरी सांग," दादा म्हणाला. आवाज चढू द्यायचा नाही असं त्याने सकाळीच ठरवलं होतं. "आत्या पन्नास वर्षांपूर्वी तापाने गेली. लग्न नाही, मूलबाळ नाही. आपल्याशिवाय तिला वारस नाही. हेच तर लहानपणापासून ऐकत आलोय आम्ही."

"मी नाही सांगितलं ते तुम्हाला. तुझ्या अण्णांनी सांगितलं."

"आणि तू काय करत होतीस?"

"भांडी घासत होते," आई म्हणाली.

दादाने कपाळावर हात मारून घेतला. आजोबांनी मृत्युपत्रात हे घर आणि खालचं घड्याळाचं दुकान मुलगा आणि मुलगी अशा दोघांच्या नावाने करून ठेवलं होतं. अण्णा जाऊन तीन वर्षं झाली, त्यांचा दाखला होता. आत्याचा नव्हता. शेजारचा चष्मेवाला घर घ्यायला तयार होता, पण महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. दादाने तळमजल्यावरची एक जागा बघूनही ठेवली होती. दारापासून रस्त्यापर्यंत एकही पायरी नव्हती तिथे. आयुष्यभर बस आगारात टाइमकीपरची नोकरी केलेला माणूस तो. कुठली गाडी किती वाजता सुटली नाही तर पुढे काय काय अडतं, हे त्याला बरोबर कळायचं.

"दाखला आण," आई म्हणाली. "खरा दाखला. मग त्यावर काय लिहायचं ते लिहा, मी सही करते."

"पन्नास वर्षांपूर्वीचा? उंदरांनी कधीच पोटात घातला असेल तो."

"उंदरांनी खाल्ला असेल तर तसं लिहून आण."

धाकटीने कागद आपल्याकडे ओढला. छप्पन्न वर्षांची झाली तरी घरात ती चिमीच होती. तीस वर्षं तिने औषधांच्या दुकानात काढली होती, आणि घाईघाईने केलेल्या गोष्टीचा परिणाम काय होतो हे तिने काउंटरच्या अलीकडून पुष्कळ पाहिलं होतं.

"मी जाते," ती म्हणाली. "आत्या नदीपलीकडे गेली होती ना? गिरणीच्या गावी?"

आईने मान हलवली. होय म्हणून की कुणास ठाऊक, पण हलवली.

"जा बाई," दादा म्हणाला. "घोडं गंगेत न्हाऊ दे एकदा." आणि पेनाचं टोपण लावून तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

*

गिरणीच्या गावी जन्म-मृत्यू नोंदणीची खोली नगरपालिकेच्या इमारतीत तळघरात होती. लोखंडी कपाटं, त्यांत कापडी पाठीची रजिस्टरं, आणि त्यांच्यामध्ये लोकरीची टोपी घालून बसलेल्या कारकूनबाई. त्या खोकत होत्या आणि गालात एक गोळी घोळवत होत्या.

"त्या गोळ्यांनी खोकला जात नाही," धाकटीच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "नुसती जीभ गोड होते."

बाईंनी वर पाहिलं. "डॉक्टर आहात?"

"औषधं देते."

"मग मला नाव लिहून द्या कशाचं तरी. आणि तुमचं काय काम आहे ते सांगा."

धाकटीने सांगितलं. बाई ऐकता ऐकता कागदाच्या चिठोऱ्यावर टिपून घेत होत्या. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुठे वारली, घरी की दवाखान्यात? कारण नोंद होते ती माणूस जिथं मरतं तिथं, जिथं राहतं तिथं नाही. वर्ष नक्की का? नोंद उशिरा केली असेल तर ती पुढच्या वर्षाच्या रजिस्टरात, अगदी शेवटच्या पानांवर सापडते. तेव्हा हा भाग नगरपालिकेत होता का? गिरणीमागच्या चाळी तर नंतर आल्या, त्यांची जुनी रजिस्टरं वेगळ्या कपाटात आहेत.

एकाही प्रश्नाचं उत्तर धाकटीला धड देता येईना. आत्या तापाने गेली, एवढंच एक वाक्य घरात होतं. ते वाक्य किती तोकडं आहे, हे तिला आज कळत होतं.

दोघींनी मिळून सांगितलेलं वर्ष काढलं. मग मागचं एक, पुढची दोन. मग चाळींचं कपाट. धाकटीचं बोट नावांवरून खाली सरकत होतं: विहिरीत पडून, बाळंतपणात, अपघात, अशक्तपणा, नाव न ठेवलेलं मूल, नाव न ठेवलेलं मूल. दुपार झाली तेव्हा बोटाचं टोक काळं पडलं होतं.

"नाही," कारकूनबाई म्हणाल्या. "नोंद आढळली नाही असा दाखला मी देऊ शकते. पण ऐका. नोंद नाही याचे अर्थ दोन. एक, कुणी नोंद केली नाही."

"आणि दुसरा?"

"दुसरा म्हणजे त्या साली त्या मेल्याच नाहीत."

धाकटीला हसू आलं. मग ते ओठावरच राहिलं.

"लग्न झालं असेल तर नवऱ्याच्या नावाने बघावं लागेल," बाई म्हणाल्या. "घरी विचारा. घरी कुणाला तरी नेहमी माहीत असतं. आम्ही इथे कपाटं उघडत बसतो, आणि माहीत असलेलं माणूस घरी तोंड मिटून बसलेलं असतं."

*

पाच महिने एकाच खोलीत काढले की माणसाला घरातले सगळे आवाज पाठ होतात. दादा आगारात गेला की नळ कितीदा वाजतो, आई खुर्ची किती वेळा सरकवते, हे वहिनीला न बघता कळायचं. आईचा मोबाइल रोज दुपारी साडेबाराला वाजतो, हेही तिला माहीत होतं.

तो मोबाइल वहिनीनेच लावून दिला होता. तेव्हा आईने एक नंबर कागदावर लिहून दिला आणि म्हणाली, हा 'राँग नंबर' म्हणून घालून ठेव. वहिनीला वाटलं होतं, कुणीतरी त्रास देतंय, तो फोन उचलायचा नाही म्हणून. पण आई तो फोन रोज उचलत असे. उचलून फारसं काही बोलत नसे. ऐकत असे.

त्या दिवशी साडेबाराला फोन वाजला तेव्हा आई बाल्कनीत होती. फोन वहिनीच्या हाताशी होता. पडद्यावर 'राँग नंबर' अशी अक्षरं लकाकत होती. तिने तो उचलला नाही. फोन वॉकरला लटकवलेल्या पिशवीत टाकून, दोन्ही हातांनी वॉकर धरून ती उभी राहिली, आणि एकेक पाऊल टाकत बाल्कनीच्या दारापर्यंत गेली.

"आई, तुमचा राँग नंबर आलाय."

आईने फोन घेतला. बंद केला. सासू-सून दोघी थोडा वेळ खाली दुकानाच्या बंद फळ्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

"चिमाताई परवा रिकाम्या हाताने आल्या," वहिनी म्हणाली. "त्यांना चुकीचं साल दिलं होतं आपण. होय ना?"

"मी साल दिलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नाही."

"मी विचारते."

आई म्हणाली, "तुला तर घर विकायला हवंय, सूनबाई. तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं. तू कशाला खोदतेस?"

"मला खाली उतरायचंय, आई. पण कुणाला तरी जिवंतपणी पुरून त्याच्या अंगावरून नाही उतरायचं."

आई कठड्याला धरून बसली. बोलायचं तिने कितीदा तरी मनात घोकलं होतं. अण्णा गेल्यावर सांगू, असं म्हणता म्हणता तीन वर्षं सरली होती. तोंड उघडलं की पन्नास वर्षांचं मौन खोटं ठरणार, आणि त्याचा जाब मुलं विचारणार. त्यापेक्षा त्यांना ते सरकारी कागदावर वाचायला मिळालं तर बरं, असं तिला वाटलं होतं. कागदाला कुणी 'का' म्हणून विचारत नाही.

"लग्न झालं होतं वन्संचं," ती अखेर म्हणाली. "रंगारी होता तो. आपलं हेच घर रंगवायला आला होता." आणि तिने एक आडनाव सांगितलं, 'घ'ने सुरू होणारं. "जास्त विचारू नकोस. आडनाव दे चिमीला. पुढचं ती शोधेल."

वहिनीने चिमाताईंना फोन लावला. नवऱ्याला मात्र तिने संध्याकाळी काही सांगितलं नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याच्यापासून लपवलेली ही पहिली मोठी गोष्ट, आणि ती सासूच्या बाजूने लपवलेली. तिचं तिलाच नवल वाटलं.

*

या खेपेला धाकटीने खोकल्याचं औषध नेलं होतं. कारकूनबाईंनी झाकणात ओतून तिच्यासमोरच घेतलं.

"आता वर्ष सोडून देऊ," त्या म्हणाल्या. "अनुक्रमणिकेत आडनाव बघू. 'घ' काढते."

'घ' निघाला नाही. पन्नास वर्षांच्या पन्नास अनुक्रमणिका आणि एकीतही नाही. बाई खांदे उडवून उठायला लागल्या, तेव्हा धाकटी म्हणाली, "थांबा. मूळ रजिस्टरांतलं अक्षर बघा. ह्या माणसाचा 'घ' कसा आहे?"

"कसा?"

"वरची रेघ अर्धवट सोडलेली. ह्याचा 'घ' आणि 'ध' एकच आहे. तीस वर्षं मी डॉक्टरांचं अक्षर वाचतेय. यादी करणाऱ्याने 'ध' वाचला असेल, आपण 'ध' काढू."

'ध'मध्ये तिसऱ्या तासाला सापडलं. धाकटीला ओळ दिसली, पण वर्ष दिसलं तेव्हा तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पन्नास वर्षांपूर्वीचं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वीचं होतं.

बाईंनी मूळ रजिस्टर आणून तिच्यापुढे उघडलं. पूर्ण नाव, तेच. वडिलांचं नाव, आजोबांचंच. नवऱ्याच्या रकान्यात रंगारी, हयात नाही. वय पंचावन्न. व्यवसाय: टेलिफोन ऑपरेटर. ठिकाण: नगरपालिका रुग्णालय. कारणाच्या रकान्यात डॉक्टरांनी जे खरडलं होतं ते बाईंना लागेना. धाकटीला सहज लागलं. मूत्रपिंडं. किती महिने त्रास झाला असेल आणि शेवटचे दिवस कसे गेले असतील, हेही तिला त्या एका शब्दावरून कळलं. ते तिला कळायला नको होतं.

मग शेवटचा रकाना. खबर देणाऱ्याचे नाव, नाते, सही. नाते: भावजय. पत्ता: ह्याच घराचा, बावीस पायऱ्यांच्या. आणि सही.

ती सही धाकटीने शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षं पाहिली होती. शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबं देणारं माणूस जगात दुसरं नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वी आई आठ दिवस डोळ्यांच्या दवाखान्यात म्हणून एकटीच गेली होती. सोबत कुणी नको म्हणाली होती. परत आली तेव्हा डोळे लाल झाले होते आणि धाकटीनेच दुकानातून थेंब आणून तिच्या डोळ्यांत घातले होते, दिवसातून चार वेळा, पंधरा दिवस.

"पाणी देऊ?" कारकूनबाईंनी विचारलं.

"नको. नक्कल द्या."

बाईंनी नकलांचं रजिस्टर ओढलं, पानं उलटली आणि त्यांचा हात थांबला. "ह्याची नक्कल पूर्वी एकदा दिलेली आहे. बारा वर्षांपूर्वी." त्यांनी वही तिच्याकडे फिरवली. "हे तुमचे कोण?"

अर्जदाराच्या रकान्यात अण्णांचं नाव होतं.

"आठवतात मला," बाई सावकाश म्हणाल्या. "मी तेव्हा नवीन होते. त्यांनी उभ्या उभ्याच वाचलं. मग विचारलं, ही सही कुणाची म्हणालात? मी म्हटलं, काका, तिथं लिहिलंय ना. म्हणाले, हो, लिहिलंय खरं. बराच वेळ उभे होते. जाताना ते भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे म्हणाले, आणि खुर्चीवर चढून लावून दिलं. आमच्याकडे घड्याळ लावणारा माणूस दुसरा कोणी आला नाही, म्हणून लक्षात राहिलं."

*

दादाने नक्कल मोठ्याने वाचायला घेतली आणि तिसऱ्या ओळीला अडला. "साल चुकलंय यात."

"नाही चुकलं," धाकटी म्हणाली. "खालपर्यंत वाच."

तो खालपर्यंत वाचत गेला. वाचून झालं तेव्हा त्याने कागद टेबलावर ठेवला आणि आईकडे पाहिलं. दुपारचे चार वाजले होते. वहिनी तिच्या खुर्चीत होती. आई ताठ बसली होती, हात मांडीवर. आता जे होईल ते होऊ दे, असं तिच्या मनात आलं, आणि अनेक वर्षांनी तिला श्वास पुरता घेता आल्यासारखं वाटलं.

"वन्सं रंगाऱ्याबरोबर निघून गेल्या आणि अण्णांनी घरात, तापाने वारली म्हणून सांगून टाकलं; त्यानंतर वर्षाने फोन आला," तिने सुरुवात केली. "अण्णा जेवायला वर आले की दुकानात मी बसायची. साडेबाराला. वन्संना टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी लागली होती. 'वहिनी, मी बोलतेय' म्हणाल्या. जिन्यात पाऊल वाजलं म्हणून मी 'राँग नंबर' म्हणाले. पण फोन ठेवला नाही. मग तसंच सुरू झालं. त्या बोलायच्या, मी ऐकायची."

"आमच्या घरी राँग नंबर फार यायचे," धाकटी हळूच म्हणाली.

"अण्णा टेलिफोनवाल्यांच्या नावाने बोटं मोडायचे," वहिनी म्हणाली. तिलासुद्धा ते आठवत होतं. नव्या नवरीच्या दिवसांतलं.

"आणि शेवटी तू तिच्यापाशी होतीस," दादा म्हणाला.

"आठ दिवस. वन्संची मुलगी होती आणि मी."

 मुलगी हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता.

"मुलगी आहे," दादा म्हणाला. "म्हणजे मी खोट्या कागदावर सही केलीय. वकिलासमोर, शपथेवर. आणि तू मला करू दिलीस."

"मी माझी दिली नाही."

"आई, मी नऊ वर्षांचा होतो." आता मात्र त्याचा आवाज फुटला. "ती मला खांद्यावर घेऊन दुकानातली सगळी घड्याळं दाखवायची. ती मेली म्हणून सांगितलं तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो."

"माहीत आहे मला. भरवायला मीच बसले होते."

"मग तेव्हा सांगायचं होतंस."

"तू नऊ वर्षांचा होतास. अण्णांना जाऊन सांगितलं असतंस."

"आणि विशीत होतो तेव्हा? तिशीत?"

आईने उत्तर शोधलं. खूप होती, पण एकही खरं नव्हतं. "तेव्हा सवय झाली होती," ती म्हणाली.

दादा उठून येरझारा घालायला लागला. निम्मं घर त्या मुलीचं. नवा कागद, नवी मुदत, चष्मेवाला थांबणार नाही. पाहून ठेवलेली जागा निम्म्या वाट्यात यायची नाही. "हिने किती दिवस ह्या खोलीत काढायचे?" त्याने बायकोकडे बोट केलं. "कुणासाठी करतोय मी हे?"

"मला विचारलंत तर सांगते," वहिनी म्हणाली. "एक खोली कमी असली तरी चालेल मला. तळमजला असला म्हणजे झालं. आणि तोवर मी इथेच बरी आहे. पाच महिने काढले, आणखी दोन काढीन."

"तुला हे माहीत होतं?"

"आठवड्यापासून."

दादाने एकेकीकडे पाहिलं आणि खाली बसला. रागवायचं तरी कुणावर, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

धाकटीने मनात आणलं असतं तर इथे थांबता आलं असतं. सगळ्या वाटेने बसमध्ये ती हाच विचार करत आली होती. पण गप्प बसण्याने ह्या घराचं काय झालं, ते समोरच होतं.

"आई, अण्णांना माहीत होतं."

"नाही," आई लगेच म्हणाली. "त्यांना काही माहीत नव्हतं."

"बारा वर्षांपूर्वी ते तिथे गेले होते. हीच नक्कल त्यांनी काढून आणली. तुझी सही पाहिली." तिने कारकूनबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. उभ्या उभ्या वाचणं, तो प्रश्न, भिंतीवरचं घड्याळ.

 आईने महिना विचारला. धाकटीने सांगितला. आई बराच वेळ काही आठवत राहिली.

"एकदा संध्याकाळी बाहेरून आले," ती म्हणाली. "पाय धुतले, बसले. आणि मध्येच म्हणाले, तुझे डोळे आता बरे आहेत ना? मी म्हटलं, आता कशाला विचारताय, सात वर्षं होऊन गेली. तर म्हणाले, तेव्हा विचारायचं राहून गेलं." ती थांबली. "मला वाटलं, वय झालं, भ्रमिष्टासारखं करतात."



"एक शब्द बोलायला काय होत होतं त्यांना," आई म्हणाली.

"तूही नाही बोललीस," दादा म्हणाला. पण आता त्यात राग नव्हता. त्याने हात पुढे करून आईच्या मनगटावर ठेवला. तिने डोळ्यांना पदर लावला नाही. पाणी वाहू दिलं.

थोड्या वेळाने त्याने आईचा मोबाइल उचलला. "काय नावाने आहे?"

"राँग नंबर," वहिनी म्हणाली.

पलीकडून फोन उचलला गेला. "हॅलो मामी, आज तुम्ही कसा फोन केलात?"

"मामी नाही," दादा घसा खाकरून म्हणाला. "मी बोलतोय. म्हणजे, तुमच्या मामाचा मुलगा."

 ती म्हणाली, "दादा का? वहिनींची कंबर कशी आहे?"

*

रविवारी सकाळी ती आली. पंचेचाळिशीची, उंच, नखांच्या कडेला निळा रंग. दुकानांच्या पाट्या रंगवायची ती. बापाचा ब्रश मुलीने चालवला होता. बावीस पायऱ्या चढून वर आली तरी तिला दम लागला नव्हता. आईने दारातच तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही माझ्या नणंदेची मुलगी." एवढंच वाक्य, पण ते म्हणताना ती दारात जरा उंच दिसली.

दादाने वकिलाचा पहिला कागद फाडून टाकला होता. नव्या कागदावर वारसांच्या यादीत चौथं नाव होतं. त्याने तो तिच्यापुढे सरकवला आणि कसं बोलावं हे न कळून म्हणाला, "तुमचा वाटा तुमचाच आहे. त्यात आम्ही काही—"

"घेणार आहे मी," ती सरळ म्हणाली. "आईने बजावलं होतं, घर विकलं तर वाटा घे, लाजू नकोस. तो माझ्या बापाने दिलेला आहे, म्हणायची. आणि मला तुम्ही म्हणू नका, दादा."

तिच्या सरळपणाने दादाला मोकळं वाटलं. वहिनीने मागच्या आठवड्यात पेपरातून दोन खोल्यांची, तळमजल्याची, नदीजवळची एक जागा शोधली होती. चष्मेवाल्याला धाकटीने जाऊन भेटून एक महिना वाढवून घेतला होता. चहा झाला. आत्याच्या मुलीने सही केली, दादाने आणि धाकटीने केली, वहिनीने चष्म्याची डबी आईपुढे ठेवली आणि आईने चष्मा लावून, शब्द न् शब्द वाचून, खाली सही केली.

मग दादाने ते विचारलं, जे आठवडाभर त्याच्या मनात घोळत होतं.

"आत्या माझी आठवण काढायची कधी?"

ती त्याच्याकडे जरा नवलाने बघत राहिली. "तुम्ही आमच्या गावात होतात ना दोन वर्षं? गिरणीच्या वर्कशॉपात?"

"होतो. उमेदवारी करत होतो. विशीत."

"दर रविवारी सकाळी टपाल कचेरीतून घरी ट्रंक कॉल लावायचात."

"हो."

"आई रविवारची पाळी मागून घ्यायची."

दादाला ती कचेरी आठवली. लाकडी बाक, रांगेत बसलेली गिरणीतली पोरं. प्रत्येकाला तीन मिनिटं झाली की बाईचा आवाज मध्ये यायचा आणि लाईन तुटायची. त्याची कधी तुटली नव्हती. पोरं चिडवायची, तुझ्यावर ऑपरेटर खूश आहे म्हणून. एकदा तो घाईघाईने बोलत होता तेव्हा ती आपणहून म्हणाली होती, सावकाश बोला, लाईन मोकळी आहे.

"मी काय बोलायचो तिच्याशी?" त्याने विचारलं.

"नंबर सांगायचात. आणि शेवटी, थँक्यू बाई. आई घरी येऊन सांगायची, गावातले एवढे लोक फोन लावतात, आभार फक्त आमचा दादा मानतो."

दादा आईकडे वळला. "रविवारी खाली येऊन फोन तूच उचलायचीस."

"हो."

"तुला माहीत होतं, लाईनवर ती आहे म्हणून?"

"दर वेळी."

"म्हणजे आपण तिघं बोलत होतो," दादा म्हणाला.

"तू बोलत होतास," आई म्हणाली. "आम्ही दोघी ऐकत होतो."